मुलगी कुस्ती खेळायची म्हणते, पण तालमीत घेत नाहीत

वाळवा तालुक्यातल्या एका गावातून एक आई लिहितात: "माझी मुलगी आठवीत आहे, वय १३, वजन ४४ किलो. शाळेत कबड्डी खेळताना तिने एका दांडग्या मुलीला उचलून टाकलं. तेव्हापासून पीटीचे सर म्हणतात, हिला कुस्तीला घाला. धाकटा भाऊ सहावीत आहे, तो गावच्या तालमीत जातो. वस्तादांना विचारलं तर म्हणाले, मारुतीची तालीम आहे, मुलींना माती चढू देत नाही. आणि चढली तरी लढणार कुणाशी? सासूबाई म्हणतात, कान मोडून घेतलेल्या पोरीला कोण पत्करणार? मालक गप्प आहेत. लांबच्या एका निवासी केंद्रात ठेवावं का? आणि दिवाळीत तिचं नाक टोचायचं ठरलंय, ते चालेल का?"

ताई,

वस्तादांनी दोन गोष्टी सांगितल्या. त्यातली पहिली चूक आहे आणि दुसरी खरी आहे. तालमीत घेत नाहीत म्हटल्यावर सगळे पहिलीवर भांडत बसतात. खरी अडचण दुसरी आहे: लढणार कुणाशी? उद्या वस्ताद 'या' म्हणाले आणि तुमची पोर एकटीच पन्नास पोरांच्या कडेला जोर-बैठका मारत राहिली, तर चार महिन्यांत ती आपणहून बंद करेल. मग लोक म्हणतील, बघा, पोरींना झेपत नाही. म्हणून आधी जोडीदारीण शोधा, मग परवानगी मागा.

आठवी-नववीतल्या अजून तीन मुली शोधा. पीटीच्या सरांना सांगा, कबड्डी, ज्यूदो आणि गोळाफेक खेळणाऱ्यांची वजनं एका कागदावर लिहून द्या. ४० ते ४८ किलोतल्या चार मुली मिळाल्या की दोन जोड्या होतात. जोडीत तीन-चार किलोंपेक्षा जास्त फरक नको. शेजारच्या दोन गावांतल्या मिळून चार झाल्या तरी चालेल. एकट्या मुलीला "नाही" म्हणायला एक शब्द लागतो. चार मुली, त्यांच्या चार आया आणि शाळेचे सर दारात उभे राहिले की वस्तादांना वेळ कधी द्यायची याचा विचार करावाच लागतो.

मागायचं काय, तेही नेमकं ठरवून जा. "मुलींना घ्या" एवढंच म्हणू नका. "सोमवार, बुधवार, शुक्रवार, दुपारी चार ते साडेपाच, मुलांची संध्याकाळची मेहनत सुरू व्हायच्या आधी" असं म्हणा. आणि मातीचा हौदा मागू नका, मॅट मागा. मुलींनी माती चढायची नाही, हा समज आम्हाला पटत नाही. पण तुमच्या मुलीला ज्या स्पर्धा खेळायच्या आहेत त्या शालेय असोत की राष्ट्रीय, सगळ्या मॅटवरच होतात. शिवाय मातीवरच घडलेल्या पोराला मॅटवर आल्यावर बऱ्याच सवयी मोडाव्या लागतात. मातीत खडाखडी (उभ्यानेच हात अडकवून चालणारी झटापट) लांबते, पकड धरून दम खाता येतो आणि निकाल चितपटीवर लागतो. मॅटवर तिच्या गटात दोन-दोन मिनिटांच्या दोन फेऱ्या असतात, मध्ये ३० सेकंदांची विश्रांती. खाली घेतलं की २ गुण, वर्तुळाबाहेर ढकललं की १ गुण, आणि १० गुणांची आघाडी झाली की कुस्ती तिथेच संपली. त्या चार मिनिटांत जी आधी पट काढते, म्हणजे वाकून समोरचीचा पाय धरते, तिची सरशी. तुमची मुलगी कोरी पाटी आहे, तिला पहिल्यापासून मॅटचीच सवय लागली तर फायदाच आहे. मारुतीचा वादही आपसूक बाजूला राहतो.

मॅट नसेल तर? स्पर्धेची पूर्ण मॅट १२ बाय १२ मीटरची, काही लाखांची असते. तिची गरज नाही. सहा बाय सहा मीटर जागेत दोन जोड्या आरामात सराव करतात. दोन बाय एक मीटरचे ज्यूदोचे तुकडे मिळतात, ते १८ लागतात. पैसा कुठून, तर ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करावे लागतात. ते पैसे बहुतेक ठिकाणी शिलाई मशीन, कुंडा-बादल्या नाहीतर हळदीकुंकवाच्या वाणावर जातात. यंदा मॅटवर जाऊ द्या. प्रत्येक ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घेणं कायद्याने बंधनकारक आहे. तिथे अर्ज द्या, ठराव लिहून घ्या आणि तोच ठराव ग्रामसभेत वाचायला लावा. ठरावात 'मुलींना प्रोत्साहन द्यावे' असलं मोघम वाक्य नको. मॅटचे तुकडे किती, ठेवायचे कुठे, किल्ली कुणाकडे आणि मुलींची वेळ कोणती, एवढं त्यात आलंच पाहिजे.

एवढं करूनही नाहीच म्हणाले, तर ग्रामपंचायत कार्यालयातून तालमीच्या इमारतीचा नमुना ८ चा उतारा काढा, म्हणजे ती कुणाच्या नावावर आहे ते कळेल. इमारत ग्रामपंचायतीची निघाली, किंवा क्रीडा खात्याच्या व्यायामशाळा विकास अनुदानातून बांधलेली निघाली, तर ती कुणाची खासगी राहत नाही. सरकारी पैशावर चालणाऱ्या सार्वजनिक जागेत कुणाला बाई म्हणून अडवता येत नाही, हे संविधानाच्या कलम १५ मध्येच आहे. पण हा कागद शेवटी काढा. सुरुवातीलाच काढलात तर दार उघडेल, पण शिकवायला कोणी येणार नाही.

आणि एक गोष्ट बऱ्याच पालकांना माहीत नसते. शालेय स्पर्धेला तालमीची शिफारस लागत नाही, मुलीचं नाव शाळा पाठवते. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाच्या या स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत होतात: तालुका, जिल्हा, विभाग, राज्य, मग राष्ट्रीय. वयाची तारीख त्या वर्षीच्या परिपत्रकात असते, ती सरांकडून जुलैतच बघून घ्या. तालुक्याला मुलींच्या काही वजनगटांत एखाद-दुसरंच नाव येतं. त्यामुळे न लढता प्रमाणपत्र हातात पडू शकतं आणि जिल्ह्याला समोर चार वर्षं मेहनत केलेली मुलगी उभी राहते. अर्ध्या मिनिटात कुस्ती संपली तर घरी कुणी हसू नये, एवढं आधीच बजावून ठेवा.

वजनाचं बोलू. ४४ किलोची मुलगी दिसली की ओळखीचा कुणीतरी म्हणणारच, "दोन किलो पाड, ४२ मध्ये सोपं जाईल." ऐकू नका. ४४ मधले दोन किलो म्हणजे साडेचार टक्के. वाढीच्या वयात ते चरबीतून जात नाहीत. पाणी, रक्त आणि उंची यांच्या हिशेबातून जातात. १४ खालच्या गटात ४२ नंतर ४६ आहे, १७ खालच्या गटात ४३ नंतर ४६ आहे. दोन्हीकडे तिची जागा ४६ मध्येच. तिथे ती दोन किलो हलकी पडेल, पडू द्या, वर्षभरात भरून निघेल. कमी करून खेळण्याचा धोका मोठ्यांनाही चुकलेला नाही. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये विनेश फोगाट ५० किलोच्या अंतिम फेरीत पोचली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वजन १०० ग्रॅम जास्त भरलं म्हणून बाद झाली. रात्रभर तिने काय काय केलं ते सगळ्या देशाने वाचलं. तेरा वर्षांच्या पोरीला ते शिकवायचं नाही.

खुराक म्हटलं की बदाम, थंडाई, तुपाचे डबे डोळ्यांसमोर येतात आणि इथेच मालक गप्प होत असावेत. तेवढं लागत नाही. तिला दिवसाला साधारण ६० ते ६५ ग्रॅम प्रथिनं हवीत. दोन अंडी (१२), अर्धा लिटर दूध (१६), दोन वाट्या घट्ट डाळ किंवा उसळ (१४), मूठभर शेंगदाणे (७), तीन ज्वारीच्या भाकरी (१५): झाले ६४. अंडी चालत नसतील तर वाळलेले २५ ग्रॅम सोयाबीनचे वडे रश्श्यात टाका, तेवढीच भर पडते. आता एक प्रश्न विचारतो, राग मानू नका. भाऊ तालमीत जातो म्हणून घरात सध्या दूध कुणाच्या पेल्यात जास्त पडतं? समानतेची सुरुवात कुठून करायची असेल तर ती त्या पातेल्यापासून करा.

मुलापेक्षा मुलीला जास्त गरजेची अशी एक तपासणी आहे, रक्ताची. देशात १५ ते १९ वयाच्या निम्म्याहून जास्त मुलींना रक्तक्षय आहे. सराव सुरू करण्याआधी प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासून घ्या. १२ च्या खाली असेल तर आधी ते वर आणायचं, मग जोर वाढवायचा. शाळेत आठवड्याला लोहाची निळी गोळी मिळते, ती तिच्या दप्तराच्या तळाशी सापडते का बघा. बहुतेक मुली मळमळतं म्हणून टाकून देतात. जेवणानंतर घ्यायची, वर लिंबूपाणी, आणि तासभर आधी-नंतर चहा नाही. दुसऱ्या फेरीत पाय जड होणं, जिना चढताना धाप लागणं, खडू-माती खावीशी वाटणं, ही लक्षणं दिसली की सरावाला आळशी म्हणून ओरडू नका, तपासणी करा.

पाळीच्या दिवसांत सराव बंद ठेवायची गरज नाही. दुखत असेल त्या दिवशी हलका करा. आत घट्ट चड्डी, वरून गडद रंगाची शॉर्ट, म्हणजे डागाची धास्ती राहत नाही. पाळी तीन महिने आली नाही, किंवा पंधरावं संपलं तरी सुरूच झाली नाही, तर डॉक्टरांना दाखवा. खाणं कमी आणि मेहनत जास्त झाली की शरीर आधी पाळी थांबवतं, मग हाडं ठिसूळ होऊ लागतात. "बरं झालं, कटकट गेली" म्हणणारा प्रशिक्षक भेटला तर तिथून मुलगी काढून घ्या. आणि तालमीचं संडास बघून या. आतून कडी, बादलीभर पाणी, झाकणाचा डबा. कडी नसल्यामुळे मुलींनी खेळ सोडलेले आहेत, आणि मुलगी ते कारण घरी कधीच सांगत नाही. शंभर रुपयांची कडी आहे, तुम्हीच घेऊन जा.

सासूबाईंचा कानाचा मुद्दा खोटा नाही. कान घासून-चेपून आत रक्त साचतं, तसंच राहिलं तर गोठून कायमचा गड्डा होतो. पण तो टाळता येतो. सरावाला कान झाकणारं कवच घालायचं. कान सुजून मऊ लागला तर त्याच दिवशी बर्फ, आणि दोन दिवसांच्या आत कान-नाक-घसा डॉक्टरकडून साचलेलं काढून घ्यायचं. तालमीत सुई मारणाऱ्याकडून नाही. मुलींच्या बाबतीत कानापेक्षा गुडघ्याची काळजी जास्त घ्यावी लागते. उडी मारून उतरताना किंवा वळताना मुलींचा गुडघा आत झुकतो आणि आतला अस्थिबंध तुटण्याचा धोका मुलांपेक्षा जास्त असतो. दर सरावाआधी पंधरा मिनिटं: एका पायावर बैठक, दोन्ही पायांवर उडी मारून आवाज न करता उतरणं, गुडघा अंगठ्याच्या रेषेत ठेवून वळणं. वस्तादांना हे पोरखेळ वाटेल. तरी करायला लावा.

त्वचेचंही बघा. नायटा तालमीत एकाकडून दुसऱ्याकडे झपाट्याने फिरतो. सराव संपला की लगेच आंघोळ, दुसऱ्याचा टॉवेल नाही, मॅट रोज जंतुनाशकाने पुसायची. गोल लाल चट्टा दिसला तर औषध सुरू करून किमान तीन दिवस मॅटवर जायचं नाही, नाहीतर वजनाच्या वेळी डॉक्टर परत पाठवतात.

तोवर घरी काय करता येईल? भाऊ आहे, त्याच्याबरोबर वीस मिनिटं एकेरी पट काढायचा सराव: डावीकडून दहा, उजवीकडून दहा, प्रतिकार न करता. खरी झोंबाझोंबी नको. ती त्याच्यापेक्षा मोठी आणि वजनदार असणार, इथे दुखापत झाली तर त्याला होईल. फरशीवर करू नका, आणि कापसाच्या गादीवरही नको, पाऊल रुतून घोटा मुरगळतो. अंगणात वीतभर खणून खडे वेचलेली माती त्याहून बरी. आठवड्याला एक दिवस पूर्ण सुट्टी, आणि या वयात आठवड्याचा सगळा सराव मिळून बारा-तेरा तासांच्या वर नेऊ नका.

पहिल्या वर्षाचा खर्च मालकांसमोर आकड्यात मांडा. कुस्तीचे बूट दीड-दोन हजार, पोशाख दोन लागतात (एक लाल, एक निळा, कारण कोणता रंग येईल ते आधी कळत नाही), कानाचं कवच, आणि धातूचा हूक नसलेली स्पोर्ट्स ब्रा. प्रवास सोडून चार-पाच हजारांत भागतं. पोशाखाची घरात कुरकुर झाली तर रोजच्या सरावाला टी-शर्ट आणि ट्रॅक पँट चालते, तो फक्त स्पर्धेपुरता. पुढचा हिशेबही सांगा. राज्यात सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. दहावी-बारावीला सवलतीचे गुण मिळतात. केंद्र सरकारच्या खेलो इंडिया योजनेत निवड झाली तर महिन्याला १० हजार रुपये हातखर्च मिळतो. पण हे सगळं कागदावर चालतं. जन्मदाखला, आधार आणि शाळेचा दाखला यांवरची जन्मतारीख आजच जुळवून घ्या. एक वर्ष कमी लावायचा सल्ला देणारे भेटतील. ते पकडलं गेलं की बंदी येते. आणि स्पर्धेला नाव देण्याआधी ती कोण भरवतंय, तिचं प्रमाणपत्र आरक्षणाला धरतात का, हे जिल्हा क्रीडा कार्यालयात विचारा. राज्यात कुस्तीच्या संघटनांचे वाद आहेत, एकाच नावाच्या दोन स्पर्धा झालेल्या आहेत. जत्रेतल्या फडातली बक्षिसं घरी आणायला चांगली, पण नोकरीच्या अर्जाला त्यांचा उपयोग नाही. तिथे मुलींची कुस्ती अजूनही बऱ्याचदा मधल्या वेळची करमणूक म्हणून लावतात, ते वेगळंच.

लांबच्या निवासी केंद्राचं उत्तर: आत्ता नको. वर्षभर जवळपास खेळू द्या, जिल्ह्याला दोन-चार कुस्त्या होऊ द्या, आवड टिकते का बघा. नंतर जायचंच झालं तर आधी न सांगता जाऊन बघा. मुलींच्या खोल्यांजवळ रात्री बाई असते का? दारांना आतून कड्या आहेत का? मुलीला रोज घरी फोन करू देतात का? प्रशिक्षकाने एनआयएसचा (राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा) प्रशिक्षणाचा अभ्यासक्रम केलाय का? कुस्तीत अंगाला हात लागतोच, म्हणून घरीच स्पष्ट शिकवा: डाव सगळ्यांसमोर दाखवतात, दार लावून नाही. मालिश प्रशिक्षकाने करायची नाही. रात्रीचे मेसेज नाहीत. वजन कुस्तीच्या पोशाखातच होतं, कपडे उतरवायला कुणी सांगू शकत नाही. २०२३ मध्ये देशातल्या अव्वल महिला मल्लांना लैंगिक छळाची तक्रार घेऊन दिल्लीत जंतरमंतरवर धरणं धरून बसावं लागलं, तेव्हा हा विषय झाकून ठेवण्यात अर्थ नाही. लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा क्रीडासंस्था, मैदानं आणि स्पर्धेच्या जागांनाही लागू आहे. केंद्रात अशा तक्रारी ऐकणारी अंतर्गत समिती आहे का, तिच्यात कोण आहे, हे विचारा. उत्तर देताना चाचरले तर परत फिरा. मुलगी अठराच्या आतली आहे, तेव्हा काही घडलं तर पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, लागतो. १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर तिला पाठ असू द्या.

सासूबाईंना वाद घालून पटणार नाही. पुरुषांची महाराष्ट्र केसरी १९६१ पासून आहे, महिलांची पहिली व्हायला २०२३ उजाडलं. पण ती झाली ती तुमच्याच सांगलीत, आणि चांदीची गदा उचलली ती सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने. त्या कुस्तीचा व्हिडिओ मोबाइलवर लावून त्यांच्या हातात द्या आणि तुम्ही स्वयंपाकघरात जा. नातीची तालुक्याची कुस्ती असेल त्या दिवशी त्यांना रिक्षातून घेऊन जा, पुढच्या खुर्चीवर बसवा.

राहिलं नाक. कुस्तीत अंगावर कोणताही दागिना चालत नाही: मोरणी नाही, कानातलं नाही, बांगडी नाही. नखं कापलेली आणि केस घट्ट बांधलेले, धातूची पिनसुद्धा नाही. नव्याने टोचलेलं नाक भरायला काही महिने लागतात, तोवर मोरणी काढली तर भोक बुजतं आणि ठेवली तर मॅटवर नाक फाटतं. दिवाळीच्या आसपास शालेय स्पर्धा चालूच असतात. तेव्हा यंदाच्या तिच्या स्पर्धा संपू द्या, आणि तेव्हाही आधी तिला विचारा. सरावाला मोरणी काढावी लागेल हे ऐकून तिने नको म्हटलं, तर सोनाराला दिलेली मोरणी डब्यात राहू द्या.